तुझ्या गाडीतलं मीटर

आई, तुझ्या गाडीत मी एक मीटर बसवलंय. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, तू जिथं खडूचे हात पुसायचा रुमाल खोचून ठेवायचीस, तिथं. गोल, काळं, मुठीएवढं आहे. त्याचं काम एवढंच की इंजिनातून बाहेर पडणारा धूर तपासायचा आणि आत हवा किती जातेय, पेट्रोल किती जातंय, ते दाखवायचं. काटा डावीकडं झुकला की पेट्रोल जास्त, उजवीकडं झुकला की हवा जास्त, आणि मधल्या हिरव्या पट्ट्यात राहिला की सगळं बेतात. तू म्हणशील, त्या म्हातारीला आता हा दागिना कशाला? तर अण्णांना ऐकू येत नाही, म्हणून. तुझ्या वेळी थोडं कमी यायचं, ते तू चालवून घ्यायचीस. आता अजिबात येत नाही. जन्मभर गॅरेजात इंजिनाला कान लावून बसलेला माणूस, चौकातून रिक्षा गेली तरी तिचं काय बिघडलंय ते सांगायचा, आणि आता घरात कुकरची शिट्टी झाली तरी पेपर वाचत बसतो. कानाचं मशीन आणून दिलंय. ते चहा-साखरेच्या डब्यांशेजारी पडलेलं असतं. त्यात नुसती खरखर येते, म्हणतात.

गाडी जुनी झाली म्हणजे सरकारदरबारी तिचं नाव पुन्हा चढवावं लागतं आणि त्याआधी धुराची तपासणी होते. या वेळी तिथं ती नापास झाली. पेट्रोल पंपावरच्या तपासणीवाल्यानं नळी सायलेन्सरमध्ये घातली, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि म्हणाला, काका, ही गाडी पेट्रोल जाळत नाय, पिऊन थुंकती. अण्णांना अर्थातच ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी हातानंच नाही म्हणून दाखवलं. घरी येऊन गाडी पोर्चमध्ये लावल्यावर ते म्हणाले, आणखी एकदा बघू, नाहीतर भंगारवाल्याला बोलव, मी काय म्हणायचो नाही. एवढं बोलून आत गेले आणि जेवले नाहीत. ते गाडी चालवत नाहीत हे तुला माहीतच आहे, तेव्हाही फारसे चालवत नव्हते. पण रोज संध्याकाळी तिला पुसतात, दार उघडून डाव्या सीटवर थोडा वेळ बसतात आणि उतरतात. गाडी गेली तर त्या माणसाच्या संध्याकाळचं काय करायचं, हा प्रश्न होता. मला स्वतःला गाडी राहिली काय आणि गेली काय, फारसं काही वाटत नव्हतं. हे मी वाईटपणानं सांगत नाही. मला बऱ्याच गोष्टींचं तसंच होतं.

आमच्याकडं आता कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुना भाग, उघडणारा माणूस मिळणं कठीण झालंय. नव्या गॅरेजवाल्यांना तो दाखवला की ते मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतात. आणि मिळाला असता तरी अण्णांनी हात लावू दिला नसता. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा त्यातला पितळी स्क्रू आजवर त्यांच्याशिवाय कुणी फिरवलेला नाही. पण ते स्क्रू फिरवायचे कानावर. इंजिनाचा सूर लागला की थांबायचे. आता सूर लागला की नाही हे कळणार कसं? म्हणून मी हे मीटर मागवलं. मी शेंद्र्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, दिवसभर असल्याच काट्यांकडं बघतो. जे ऐकू येत नाही ते डोळ्यांनी बघता येईल, इतका साधा हिशेब होता. ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अरे, मूळ गाडीत धड पेट्रोलचा काटा हलत नाही आणि तू हे बसवणार? ताई म्हणजे तुझी धाकटी. तिला आम्ही लाडानं ताई म्हणायला लागलो आणि आता ती खरोखरच सगळ्यांची मोठी झालीय.

सुट्टीच्या दिवशी सकाळी कामाला लागलो. आधी सायलेन्सरच्या पाइपाला इंजिनाजवळ भोक पाडून वेल्डरकडून त्यावर एक आट्यांचा नट बसवून आणला होता, त्यात धूर तपासणारा सेन्सर पिळला. तो थोडा तिरपा, वरच्या अंगाला बसवावा लागतो, नाहीतर पाइपातलं पाणी त्याच्यात साठून तो मरतो. मग वायरी. एक चावी फिरवल्यावर करंट येणारी, फ्यूज घालून. एक जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. अण्णा पायरीवर बसून बघत होते. त्यांना ऐकू येत नसल्यामुळं ते हल्ली बघतात फार. अर्थिंगची वायर मी डॅशबोर्डच्या आतल्या एका स्क्रूला बांधली, कारण तो हाताशी होता. गाडी चालू केली, काटा हलला, मला बरं वाटलं. मग अण्णांनी खूण केली म्हणून दिवे लावले, तर काटा लगेच उजवीकडं पळाला. दिवे बंद केले, परत आला. दिव्यांचा आणि हवा-पेट्रोलचा काय संबंध? अण्णा मांडीवर हात मारून हसले. त्यांचं हसणं आता फार मोठ्यानं असतं, त्यांना कळत नाही. तो स्क्रू रंगावर बसलेला होता, पत्र्याला लागलेलाच नव्हता. वायर थेट इंजिनाच्या अंगावर नेली तेव्हा काटा गरीब गाईसारखा उभा राहिला.

मग मी सगळं नीटनेटकं केलं. वायरी मोजून कापल्या, पट्ट्यांनी आवळून बांधल्या, बोटभरही ढील ठेवली नाही. कारखान्यातली सवय आहे ती, लोंबती वायर दिसली की मला करमत नाही. मीटर पक्कं बसलं. आणि बॉनेट उघडून अण्णा हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाकले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी काय करून ठेवलंय. स्क्रू बॉनेटखाली आणि मीटर गाडीत. जो स्क्रू फिरवणार त्याला काटा दिसत नाही, ज्याला काटा दिसतोय त्याला पुढचं काही दिसत नाही, कारण उघडलेलं बॉनेट मधे भिंतीसारखं उभं. आणि आतल्यानं ओरडून सांगावं तर पुढच्याला ऐकू येत नाही. ज्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्यालाच ओरडून सांगितल्याशिवाय चालणार नाही अशी व्यवस्था मी हौसेनं करून ठेवली होती. मीटर ओढून काचेबाहेर ठेवावं तर वायरी पुरत नाहीत. मी त्यांना म्हटलं, म्हणजे हातवारे करून म्हटलं, की तुम्ही आत बसा, स्क्रू मी फिरवतो. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर असा धरला की मी पुन्हा विचारलं नाही.

तुला ती ठोक्यांची खूण आठवत असेल. तूच आत बसायचीस ना. बिडकीनच्या शाळेत तुझी बदली झाली, एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून अण्णांनी एका डॉक्टरांची जुनी गाडी घेऊन तिचं इंजिन खोलून पुन्हा बांधलं. गाडी शिकवली जेलच्या मागच्या रस्त्यावर. धडकलीस तरी भिंत सरकारी हाय, असं म्हणत त्यांनी तुला शिकवलं आणि तू कधी धडकली नाहीस. बिडकीनमध्ये तुला गाडीवाल्या बाई म्हणायचे. शाळेतल्या पोरी फाटकाशी उभ्या राहून तुझी वाट बघायच्या, अभ्यासासाठी नव्हे, तुला गिअर टाकताना बघायला. आणि दर रविवारी, दुपारचं जेवण झालं की तू सीटवर आणि अण्णा बॉनेटखाली. तुम्ही एकमेकांना दिसायचा नाहीत. अण्णा पत्र्यावर बोटाच्या पेरानं एक ठोका मारायचे, म्हणजे अजून पाय दे. दोन ठोके, म्हणजे बस. मी मागच्या सीटवर बसून ऐकायचो. तुम्ही दोघं समोरासमोर बसून फारसं बोलल्याचं मला आठवत नाही, पण ते ठोके आठवतात. कधी अण्णा उगाच एकामागून एक ठोके मारत राहायचे, इंजिन किंचाळायला लागायचं, आणि तू खिडकीतून डोकं काढून म्हणायचीस, आता काय विमान उडवायचंय का?

मग ते शाळेतच झालं. तू फळ्यासमोर खाली बसलीस आणि उठली नाहीस. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पाचवीत होतो. तुझी गाडी शाळेच्या आवारात तशीच उभी होती. दहावं झाल्यावर आम्ही दोघं ती आणायला गेलो. मला तो दिवस नीट दिसतो. कडुलिंबाचा पाला टपावर पडलाय. तुझ्याबरोबरच्या बाई वर्गातून बाहेर येतात, माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि रडायला लागतात. मलाही रडू यायला लागतं. अण्णा मला बाजूला घेतात. ते रागावलेले नाहीत. खाली वाकून, अगदी हळू आवाजात म्हणतात, "रडायचं नाय. घरी लहानी हाय. तू रडलास की ती थांबायची नाय." मग ते बॉनेट उघडतात आणि मला तुझ्या सीटवर बसवतात, कारण गाडी बरेच दिवस उभी आहे, पाय द्यायला कुणीतरी हवं. माझा पाय जेमतेम पोचतो. पत्र्यावर एक ठोका पडतो. मी दाबतो. पुन्हा एक. मी दाबतो. दोन ठोके पडतात आणि मी थांबतो.

त्यांचं ऐकलं मी. जरा जास्तच ऐकलं असेल. ताईच्या लग्नात पाठवणीला सगळे रडले, वाजंत्रीवाल्यांपैकी एक जण रडला, मी मागं उभा राहून भांडी मोजून घेत होतो. माझ्या मुलाला तान्हेपणी ताप डोक्यात गेला होता, तेव्हा बायको मला म्हणाली, तुम्ही असे कसे हो? तिनं भांडण म्हणून नाही विचारलं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तुझ्या फोटोला दरवर्षी हार घालतो, तेव्हाही मी हार सरळ आहे की वाकडा तेवढंच बघतो. मला दुःख होत नाही असं नाही वाटत मला. ते कुठंतरी असेल. पण हात लावायला गेलं की दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर बधिर गाल हाताला लागतो तसं लागतं. गाल असतो, आपलाच असतो. पण बोट लावलेलं फक्त बोटालाच कळतं.

तर त्या दिवशी मीच उलटी खूण ठरवली. अण्णांना ऐकू येत नाही, पण हाताला तर कळतं. त्यांनी डावा हात चाकावरच्या पत्र्यावर ठेवायचा, उजव्या हातानं स्क्रू फिरवायचा. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच पत्र्यावर ठोका द्यायचा. एक ठोका, अजून फिरवा. दोन ठोके, बस. त्यांना हे कागदावर लिहून दाखवायची गरज पडली नाही. मी एकदा पत्र्यावर ठोकून दाखवलं आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी दुसरीकडं बघायला लागलो. मग ते वाकले. बॉनेटच्या कडेखालून मला फक्त त्यांचा डावा पंजा दिसत होता. म्हाताऱ्या माणसाचा पंजा, नखांच्या कडा अजून काळ्या. गॅरेज बंद होऊन किती वर्षं झाली, पण तो काळा रंग काही जात नाही.

गाडी चालू होती, माझा पाय हलकाच ॲक्सिलरेटरवर. काटा पार डावीकडं झुकलेला, पेट्रोलच पेट्रोल. मी एक ठोका दिला. काटा थोडा सरकला. आणखी एक. सरकला. काम छान चाललं होतं, मला कारखान्यात वाटतं तसं वाटत होतं, सगळं आपापल्या जागी. तेवढ्यात मला अण्णांचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, मला काही सांगतायत. पण ते मला सांगत नव्हते. हल्ली त्यांचं असं होतं, मनातलं बोलतात आणि ते तोंडानं बाहेर येतंय हे त्यांना कळत नाही. स्वयंपाकघरात भाजीला शिव्या देतात, पूजेत देवाशी हुज्जत घालतात. आम्ही कुणी त्यांना सांगत नाही, उगाच बिचारे ओशाळतील. इंजिनाच्या आवाजात मला अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पाय बरा देतो तो. तुझ्यावानीच. हळू देतो." मी ठोका दिला, सवयीनं. पंजा तसाच. "लई घट्ट निघालं बघ तुझं पोरगं. लोक म्हणतेत, शांत हाय. शांत कशाचं. मी केलं ते. शाळेत, तुझ्या गाडीपाशी. रडू नको म्हणलो." इंजिन एका लयीत चालू होतं. मी पाय मघापासून तसाच धरून होतो. "मला वाटलं व्हतं, चार दिवसाचं हाय. लहानी शांत झाली की हे रडंल. वाट बघितली म्या. तुला सांगतो, पोरगं मोठं झालं, लग्न झालं त्याचं, तरी वाट बघतोय. आता त्याला कसं सांगावं, की बाबा, तवा म्या..."

मी दोन ठोके दिले.

पंजा पत्र्यावरून उचलला गेला. आवाज थांबला. अण्णा बॉनेटच्या बाजूनं डोकावले, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "झालं व्हय?" मी मान हलवली. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर शर्टाच्या बाहीला पुसला, बॉनेट दोन्ही हातांनी खाली आणलं आणि दाबून लावलं. मग डाव्या सीटवर येऊन बसले, काट्याकडं बघितलं आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. काटा हिरव्यातच होता तेव्हा. कसा तिथं आला ते मला सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंपावर गेलो. त्या तपासणीवाल्यानं नळी घातली, कॉम्प्युटरकडं बघितलं, परत गाडीकडं बघितलं आणि विचारलं, काका, इंजिन बदललं का? मी अण्णांना अंगठा दाखवला. घरी आल्यावर त्यांनी ताईला फोन लावायला सांगितला. फोनवर ती काय बोलते ते त्यांना ऐकू येत नाहीच, पण त्यांचं त्यांनी सांगून टाकलं. गाडी पास झाली, तुझ्या भावानं मीटर बसवलं, मी स्क्रू फिरवत होतो आणि हा काटा बघून बरोबर वेळेवर थांबवत होता, लई बारीक नजर हाय त्याची. शेजारच्यांनाही सांगितलं. दुधवाल्यालाही. रोज संध्याकाळी आता ते डाव्या सीटवर बसतात, चावी फिरवायला लावतात, काटा हिरव्यात गेला की उतरतात आणि जेवायला येतात. त्या दिवशी जे बोलले ते मी ऐकलं, हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. लिहून दाखवता आलं असतं, पाटी-पेन्सिल सुद्धा चालली असती.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही, तुला पत्ता नाही. अण्णांच्या हाती पडू नये एवढंच बघायचं. खरं तर मला एक लहानशी गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला मी एवढा फिरून आलो. अण्णा सगळ्यांना सांगतात, त्यांच्या पोराची नजर बारीक आहे. ते दोन ठोके मी दिले तेव्हा मी काट्याकडं बघत नव्हतो, आई. त्यांनी बोलायचं थांबावं, म्हणून दिले.